नोंदवही क्रमांक ११४

पांढरा प्लास्टिकचा मग, पन्नास-पन्नासाच्या रेघांचा,
वर्तमानपत्रात गुंडाळून देते मी
विडी घरकुलातल्या दारादारांत.
"पिठाला घेऊ नका हं," हे आधी सांगावं लागतं.
मग हसणं. मग दार अर्धं लोटून घेणं.

एप्रिल आहे, सोलापूर आहे.
पत्र्याखाली टेकलं की मनगटाच्या घामानं
फॉर्मवरची शाई पसरते.
प्रश्न सातवा: गेल्या चार आठवड्यांत
लघवीची अचानक, न आवरणारी घाई किती वेळा झाली?
कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बहुतेक वेळा, नेहमी.
तिघा तज्ज्ञांनी भाषांतर तपासून दिलेला प्रश्न
भूदेवी गुंडेटी ऐकते.
मांडीवर सूप, सुपात पानं आणि जर्दा,
बोटं थांबत नाहीत.
"घाई हजार पुरं करायची असती," ती म्हणते,
"ह्याला घाई कोण म्हणतंय? ह्याला आवरणं म्हणतात."

मी पर्याय पुन्हा वाचते.
आवरण्याला रकाना नाही.

कारखान्यावर माल द्यायला दीडशे बायका,
संडास एक, त्याला कुलूप,
किल्ली चेकरच्या खिशात,
आणि चेकर जेवायला गेलेला.
म्हणून सकाळी चहा नाही, नीळ्ळू नाही,
पाणी घरी परतल्यावरच.
घरी नळ पाचव्या दिवशी.
"एकदा गेलं की अर्धी बादली जाती, बाई.
सुनंला न्हायचं असतं, नातवाचं धुणं असतं,
मग मी थांबते."
कधीपासून?
"धाकट्या पोराच्या येळेपासून. तो आता रिक्षा चालवतो."

माझ्या आईनं या गोष्टीला नावच ठेवलं नव्हतं.
नुसतं "आलेच हं" म्हणून उठायची,
आणि लग्नाच्या पंगतीत तेवढंही नाही.

तिसऱ्या दिवशी वही कोरी.
मी रागावायच्या बेतात,
तेवढ्यात तिनं डब्यातून काढला
विड्या बांधायचा लाल दोरा, गुंडाळलेला.
"लिवता येत न्हाई. मोजता येतंय."
एकेका वेळेची एकेक गाठ.
गाठीपुढं मोकळा दोरा, मगातल्या एका रेघेला एक बोट.
दिवस संपला की काळ्या चिंधीचा तुकडा.
रात्रीच्या गाठी दाट, मुंग्यांसारख्या.
आणि मधेमधे दुहेरी गाठ.
ही कशाची?
सूप खाली ठेवलं तिनं, पहिल्यांदाच.
"मोरीपत्तोर पोचले न्हाई."

मग मी तिचं बोट कागदावर टेकवून घेतलं,
पट्टी लावली: सोळा मिलिमीटर.
नखाखाली जर्द्याचा तपकिरी कोर.
चटईवर दोरा ताणून धरला दोघींनी,
ती तिकडून, मी इकडून,
आणि गाठीगाठीनं रकाने भरले.
दिवसा दोन. रात्री पाच. दुहेरी चार.

संध्याकाळी फोनवर सर म्हणाले, पद्धत वेगळी आहे,
एकशे चौदा गाळू या.
गाळणं तिला ठाऊक आहे.
हजारात शंभर-दीडशे विड्या रोज छाटल्या जातात तिच्या,
आणि छाटलेल्या परत मिळत नाहीत.
मी म्हटलं, सर, बाकीच्या एकशे तेरा वह्यांमध्ये
तिसऱ्या दिवसाचे सगळे आकडे एकाच पेनानं,
एकाच बैठकीत लिहिलेले दिसतात.
हा दोरा तेवढा त्या-त्या वेळी बांधलाय.
पलीकडे शांतता. मग, "बघू."

संमतीपत्राला, अंगठ्याच्या निळ्या ठशाशेजारी,
दोरा टाचणीनं लावलाय मी.

कुंभारीहून परतीच्या बसला उभं राहायलाही जागा नव्हती.
साडेसातला घर सोडलेलं, आता पाच.
बाटली भरलेलीच, सील न तोडलेली.
हिसक्यासरशी पोट आवळून घेतलं
आणि ओढणीचं टोक हातात आलं.
सकाळपासून
गाठ नाही एकही.