चाळिसाला मध्यम

स्पीडोमीटरची केबल तुटली त्याला तीन वर्षं झाली.
काटा शून्यावर पडून असतो,
चढ असो, उतार असो,
जेवून लवंडलेल्या माणसासारखा.

मी पेट्या दुरुस्त करतो. बांदोड्याला घर.
मागच्या सीटवर दोन पेट्या नीट बसतात,
तिसरी असली की डिकीचं दार काथ्यानं बांधतो,
कारण डिकीचं नवं कुलूप बाराशे
आणि काथ्या घरचा.

माझा हिशेब पेट्यांत चालतो.
एका पेटीचा भाता बदलून सूर लावायचे दीड हजार.
म्हणजे क्लच प्लेट मजुरीसकट चार पेट्या,
रेडिएटर नवा घेतला तर दोन आणि थोडी,
डाग मारून घेतला तर अर्धीच,
पण तो डाग फर्मागुडीच्या चढावर सुटतो
आणि बॉनेटखालून वाफ येते, भाताच्या टोपासारखी.
एसीचा कॉम्प्रेसर चौदा हजार.
रुजार म्हणाला, काच खाली करा, तोच एसी.

रुजारचं गॅरेज बोरीला, फणसाच्या झाडाखाली.
तो गाडीखाली सरकतो तेव्हा फक्त त्याच्या चपला दिसतात.
तिथूनच बोलतो,
"मास्तर, ही आतां म्हातारी जाली मरे."
पत्रा टोकरतो. लालसर भुगा जमिनीवर पडतो.
खाऱ्या हवेचं काम. माझ्याकडे येणाऱ्या पितळी सुरांवरही
असाच हिरवा चढलेला असतो,
मी तो हलक्या हातानं खरवडतो,
जास्त खरवडलं की सूर चढतो, परत येत नाही.
पत्र्याचं तसं नाही. तो फक्त जातो.

खरी गोष्ट पुढच्या उजव्या चाकाची.
त्याचं बेअरिंग गायचं.
पहिल्यांदा कुंडईच्या रस्त्यावर लक्षात आलं:
तिसाच्या वेगाला काळी एक, अगदी स्वच्छ.
त्याला षड्ज धरलं
तर चाळिसाला मध्यम लागायचा,
पंचेचाळिसाला पंचम.
साठाला तार षड्ज लागला असता,
पण साठपर्यंत ती कधी गेलीच नाही,
माझी हिंमत होती, तिची नव्हती.

काटा मेला तरी माझं अडलं नाही.
म्हार्दोळच्या वळणाआधी पंचम ऐकू आला
की पाय आपोआप ब्रेककडे जायचा.
बायको म्हणायची, केवढा हा आवाज, लाज वाटते.
मी म्हणायचो, थांब, मध्यम किंचित उतरलाय,
टायरमध्ये हवा भरली पाहिजे.

मागच्या मंगळवारी रुजारनं चाक हातानं हलवून दाखवलं.
ते सैल दातासारखं हललं.
"वाटेत निखळलं तर?" त्यानं विचारलं,
आणि माझ्याकडे न बघता पाना उचलला.
बेअरिंग अकराशे, मजुरी चारशे.
बरोब्बर एक पेटी.

जुनं बेअरिंग मी मागून घेतलं.
त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं, बांगड्यासारखं.

आता गाडी गप्प चालते.
बोरी ते बांदोडे मला कळलंच नाही मी किती वेगात आहे.
शेवटी एका कदंब बशीच्या मागे लागलो,
ती थांबेल तिथे थांबलो,
कंडक्टर दोनदा वाकून बघून गेला.

केबल साडेसहाशे. अर्ध्या पेटीपेक्षा कमीच.
रुजारला म्हटलं, चतुर्थीच्या आधी बघू,
तेव्हा सगळ्यांना पेट्या आठवतात.

पण काल रात्री मंगेशीहून येताना
त्या शांततेत एक वेगळंच ऐकू आलं,
डॅशबोर्डच्या आत, डावीकडे,
टक्... टक्टक्... टक्,
कुठल्याच तालात न बसणारं.
बहुतेक वर्षानुवर्षं असणार ते,
मोठ्या आवाजाखाली दबलेलं.

मी काच वर केली. नीट ऐकलं.
किती पेट्यांचं आहे
ते अजून रुजारला विचारलेलं नाही.