पाणी किती उरलंय

पहाट म्हणावी तर रात्र झालीच नव्हती.
जूनमध्ये इथे सूर्य क्षितिजाला जेमतेम टेकतो,
जागा पसंत पडत नाही, पुन्हा उठतो.
तंबूत मीही तशीच, या कुशीवरून त्या कुशीवर.
चार वाजता आवरायला घेतलं,
ओहोटी लागली की कयाक खडपावर अडकते
आणि मग सहा तास दगडांशी गप्पा.

ओले मोजे चढवणं
हे दिवसातलं सगळ्यात मोठं धाडस.
समुद्र वगैरे त्यानंतर.

सामान भरणं आता हातांनाच पाठ:
तंबूच्या काठ्या नाळेत, पाण्याच्या पिशव्या पाठीशी,
तपकिरी चीज आणि कडक पाव मांड्यांमध्ये,
आणि ते एक पातेलं
जे रोज कुठेच मावत नाही, आणि रोज मावतं.

एकतीस वर्षं नामसोसच्या इस्पितळात
या खांद्यांनी सूप ढवळलं.
वल्हवणं म्हणजे तेच,
फक्त पातेलं मोठं आहे
आणि मी त्याच्या आत.

सामुद्रधुनीच्या ऐन मध्यावर धुकं आलं.
आधी डोंगर गेले, मग बेटं,
मग कयाकचं पिवळं टोक.
होकायंत्र मांडीवर होतं, तेवढंच खरं.
उजवीकडे कुठेतरी इंजिन.
मी शिट्टी वाजवली. लांब, एकदा, पुन्हा एकदा.
इंजिन बंद झालं.
आता तिकडे कोणीतरी श्वास रोखून ऐकत होतं
आणि इकडे मी,
आणि मधे पाणी वल्ह्यावरून टपटपत होतं.
किती वेळ, माहीत नाही.
मग ते पुन्हा सुरू झालं, अगदी हळू,
झोपलेल्या मुलाच्या खोलीतून निघावं तसं,
आणि लांब गेलं.

धुकं विरलं तेव्हा समोर लाल घर,
कातळावर फळ्यांची गुडघाभर उंचीची घरं,
आणि धक्क्यावर हात वर करून उभी एक बाई.
स्वागत नव्हे. थांब.
बोटं ओठांवर ठेवून तिने मागचा खडक दाखवला.
आयडर बदकं अंड्यांवर बसली होती;
गावाला परवानगी नाही, मला कुठली.

तासाभराने तीच होडी वल्हवत आली, कॉफी घेऊन.
योरुन. नाकावर चष्म्याची पांढरी खूण.
मला वाटलं, आता विचारेल.
सगळे विचारतात: एकटीच का?
मुलीने विचारलं, दंतवैद्याने विचारलं,
दुकानात गॅसची नळकांडी देणाऱ्या पोरानेही.
जणू मागे कोणी मेलं असलं पाहिजे.
कोणी मेलेलं नाही. नवरा घरी आहे,
टोमॅटोंना पाणी घालतो, आमचं बरं चाललंय.

योरुनने विचारलं,
"पाणी किती उरलंय?"

"नऊ लिटर," मी म्हणाले.
तीन दिवसांनी निघालेला आवाज,
गंजल्या बिजागरीचा.
तिने मान डोलावली. नऊ ठीक आहेत.
मग तिचा हिशेब: यंदा त्र्याण्णव घरटी,
मागच्या साली मिंकने एका रात्रीत अकरा माद्या मारल्या,
तेव्हापासून ती बाहेरच्या खोलीत झोपते, बूट घालून.
एकटी का, हे मीही विचारलं नाही.

जाताना तिने तळहातावर पिसांचा एक पुंजका ठेवला.
ठेवल्याचं कळलंच नाही.
थोड्या वेळाने हात गरम झाला.

आता रात्रीचे अकरा, उजेड तसाच.
कयाक दोरीने दगडाला बांधली आहे,
दोरीचं दुसरं टोक माझ्या घोट्याला,
भरती आली तर आधी मला सांगेल.
वहीत लिहिलं:
दिवस एकोणिसावा. सव्वीस किलोमीटर. वारा वायव्येचा.
एक माणूस दिसलं, एक ऐकू आलं.

पातेलं घासायचं राहिलंय.