कानोसा

संध्याकाळी फोर्टात, त्या थंडगार सभागृहात
आम्ही चार संगीतकार ओळीने बसलो होतो,
प्रत्येकापुढे एक माईक, एक पाण्याची बाटली.
बाईंनी विचारलं : सुचतं कुठून?

होर्मझ म्हणाला, मुदत संपत आली की.
लोक हसले.
वत्सला तेरेदेसाईंनी डोळे मिटून एक जागा गाऊन दाखवली
आणि ते उत्तर असल्यासारख्या सगळ्यांनी माना डोलावल्या.
चौथ्याचा माईक बंद होता. त्याने तो सुरूही केला नाही.
मी म्हणाले, शांततेतून.

टाळ्या पडल्या
तेव्हाच कळलं, खोटं बोलले.

म्हातारपाखाडीत कसली आली शांतता?
फ्रिज काळी दोनच्या किंचित खाली घुमतो.
फिलोमिनाबाईंचं घड्याळ दर तासाला दोन मिनिटं उशिरा पश्चात्ताप करतं.
गोदीतून एखादं जहाज खर्जातला सा लावतं
आणि पुढे काहीच न गाता निघून जातं.
हे सगळं खिडकीबाहेर ठेवून मी
सहा महिने सत्तेचाळिसाव्या मापावर बसले आहे.
व्हायोला तिथवर नीट येते,
मग किल्ली घरात राहिल्याचं आठवावं
तशी जिन्यात उभी.

रात्री दीडला खाली खण्ण झालं.
लोखंड, डांबरावर.
वाकून पाहिलं तर एक माणूस
रस्त्यात कांब रोवून तिच्या टोकाच्या पितळी वाटीला
कान लावून उभा.
शेजारी बॅटरी धरलेला पोरगा. त्याला जांभई आली,
तर त्याने तोंडावर हात दाबला,
आवाज होऊ नये म्हणून.

गाऊनवर ओढणी टाकून उतरले.

नाव घोगळे. पालिकेचं पाणीखातं, एकवीस वर्षं.
उजवा कान कामाचा, म्हणाला,
डावा घरी वापरतो.
गळती शोधतोय. दिवसा जमत नाही,
दिवसा सगळंच वाहतं.
नळाचा आवाज थांबतो, बाई. गळतीचा थांबत नाही.
जो थांबत नाही, तो धरायचा.

मी ऐकू?
त्याने वाटी बाहीला पुसून दिली.

आधी माझंच रक्त.
मग कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण,
मग खूप खोल, सुईत ओवण्याइतका बारीक
एक स्स्स —
सापडलं! मी जरा मोठ्यानेच म्हणाले.

ते गटार, घोगळे म्हणाला. त्याच्या खाली ऐका.

खाली काही नव्हतं.
म्हणजे, मला नव्हतं.
चाळीस वर्षं तानपुरे जुळवलेले हे कान,
जवारीचा केसाएवढा फरक सांगणारे,
ज्यांच्यावर आज संध्याकाळी शाल पांघरली गेली,
ते कांबेला टेकून कोरडे राहिले.

त्याने वाटी परत घेतली. तीन ठिकाणी कांब रोवली,
तिसऱ्या ठिकाणी श्वास धरला.
किती वेळ, मोजला नाही;
मोजायची सवय असून मोजला नाही.
मग खडूने रस्त्यावर फुली मारली.

आणि चुकली तर?
तर बाजूला खणायचं. पाणी काय, वाहतंच आहे.

मी काय करते, हे त्याने विचारलं नाही.
विचारलं असतं तर
संध्याकाळचं उत्तर तोंडात आलं नसतं, एवढं नक्की.

तिसऱ्या दिवशी खणलं. मी खिडकीतच होते.
फुलीखाली कोरडा मुरूम निघाला.
मुकादम ओरडला. घोगळे काही बोलला नाही,
खड्ड्यात उतरला, मातीला कान लावला,
आणि बोट दाखवलं, फिलोमिनाबाईंच्या पायरीकडे.
तिथे कुदळ पडली तशी चिळकांडी उडाली,
मुकादमाच्या इस्त्रीच्या पँटवर.

हातभर चुकली होती फुली.
मला, का कोण जाणे, फार बरं वाटलं.

खिडकी उघडीच ठेवली.
सत्तेचाळिसावं माप जसंच्या तसं राहू दिलं
आणि मागे जाऊन
एक्केचाळिसाव्यापाशी कान लावून बसले.

अजून काही ऐकू आलेलं नाही.
घड्याळात चार पडले, चार वाजून दोन मिनिटांनी.