हॅलिफॅक्समधली उन्हाळी

तापमान दोन अंश. बसच्या काचेवर बर्फाची साय,
आणि मला उन्हाळी लागलेली.
हा शब्द इथं सांगू कुणाला?
नर्स शिव्हॉनला नुसतं म्हणाले, जळजळतं.
तिनं फॉर्मवर खूण केली.

या हिवाळ्यातली ही चौथी उन्हाळी.
रिपोर्टवर अँटिबायोटिक्सची नावं, एकाखाली एक,
आणि बहुतेकांपुढं आर, आर, आर,
म्हणजे रेझिस्टंट;
कडी वाजवावी
आणि आतूनच कुणी म्हणावं, घरी नाही.

चूक माझी. किंवा सहाशे अकरा नंबरच्या बसची.
सकाळी सहा ते दोन
घसा ओला होईल इतकंच पाणी.
प्यायलं तर जायचं कुठं?
बाजारातल्या शौचालयाला कौन्सिलनं फळ्या ठोकल्या,
शेवटच्या थांब्यावर मेंढ्या,
त्यांचं बरंय.

शिव्हॉन म्हणाली, रोज दीड लिटर जास्त.
म्हणाली, पाळी गेल्यावर तिथली कातडी कागद होते,
हे क्रीम, आठवड्यातून दोनदा.
हिप्युरेटच्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ,
जंतूंना यांची सहसा सवय होत नाही म्हणे.
ताप आला, पाठ दुखली, तर मात्र धावत ये.
क्रॅनबेरीचं विचारलं तर खांदे उडवले:
काहींना लागू पडते. आवडत असेल तर पी.
नाही आवडत. हिरवं करवंद चावल्यागत.

अकोल्याहून धाकटी म्हणाली, जवाचं पाणी पी गं.
जव सुपरमार्केटात सापडले, सूपच्या मसुरीशेजारी.
डेपोत बाटली उघडली तर म्हातारा केन वास घेऊन म्हणाला,
लिंबू पिळ. आई हेच द्यायची, याच दुखण्याला.
मग बराच वेळ आम्ही दोघंही
टायरांकडं बघत राहिलो.

पण बाटली रोज भरलेलीच घरी यायची.

एका गुरुवारी शेवटच्या थांब्यावर
केकवाली डोरीन पायरी चढून आली,
तिकिटासाठी नव्हे.
हातात किल्ली, लाल लोकरीचा गोंडा लावलेली.
मागचं दार. दिवा डावीकडं. साखळी जरा जोरात ओढ.
तिला कुणी सांगितलं, मी विचारलं नाही.

आता सहाशे अकरा चार मिनिटं उशिरा सुटते.
लोक घड्याळ बघतात. बघू देत.
पुढचा रिपोर्ट सोमवारी.
खालच्या सिग्नलला लाल दिवा लागतो,
आणि मी झाकण फिरवून
घटाघटा पिते,
मिशी येईपर्यंत.