निरगाठ

इथे फटीत लोखंड चालत नाही.
हाताला खडूची भुकटीही नाही.
एल्बेकाठचा हा वाळूचा दगड, मऊ, म्हातारा;
त्याच्या फटीत बसवायची ती फक्त गाठ,
दोरीची, कधी बोटाएवढी, कधी मुठीएवढी.
लाकडी पट्टीनं आत दाबायची,
खाली ओढून बघायची.
बसली तर बसली.

मी एकसष्ट वर्षांची. अनवाणी.
काल रात्री नखं कापली मुळापर्यंत,
टाचेच्या भेगांत मेण भरलं,
आणि मुलीला फोनवर सांगितलं, उद्या जरा बाहेर जातेय.

खाली एकार्ट.
त्याची माझी गाठ पडली अठ्ठ्याहत्तर साली,
पिर्नाच्या कारखान्यात. तो तंबूचं कापड बेतायचा, मी शिवायचे.
दुकानात मिळत नव्हते कमरेचे पट्टे,
म्हणून रात्रपाळीत चोरून शिवले, उरल्यासुरल्या चिंध्यांचे,
एकेका शिवणीवर तीन-तीनदा मशीन मारून,
कारण टाक्याला लटकणार होतो आपणच.
लग्नगाठी दोघांच्याही दुसरीकडे पडल्या.
एक सुटली, एक टिकली.
दोराची मात्र ही.

पहिली बसली. दुसरी बसली.
तिसरी डावीकडच्या फटीत, अर्धी आत, अर्धी माझ्या मनात.
हिच्यावर भरवसा ठेवू का,
हे ठरेपर्यंत पाय वर गेलेला असतो.

मग पोटरी सुरू होते.
इकडे त्याला शिलाई मशीन म्हणतात:
उजवा पाय आपसूक थडथडायला लागतो, टाच उचललेली,
बोटं नखभर कंगोऱ्यावर.
बत्तीस वर्षं याच ठेक्यावर मी पगार घेतला
आणि आज इथे बसून, नव्हे, चिकटून,
बिनदोऱ्याची शिवण घालतेय
पंचवीस मीटर हवेला.
टाच खाली घे. टाच खाली, मूर्ख बाई.
दंडांचा दगड झालाय, आणि दगडाची वाळू
झरतेय डोळ्यांत.
बोटं उघडत नाहीत, नीट मिटतही नाहीत.
तोंडात पितळेची चव.
भीती छातीत असते असं म्हणतात.
माझी मनगटात असते,
लागतं त्याहून घट्ट धरण्यात.

माथा दोन पुरुष उंचीवर.
तिथे पत्र्याची पेटी, पेटीत वही,
वहीत एकार्टचं नाव दोनदा. माझं नाही.
आसपासच्या ऐंशी-नव्वद सुळक्यांच्या वह्यांत आहे.
या मुक्या बहिणीनं तेवढं ठेवून घेतलंय.

मनगटावर एक थेंब पडला.
मग दगडावर एक, पैशाएवढा, काळा.
ओला झाला की हा दगड कुणाचाच नसतो,
बिस्किटासारखा हातात येतो. लहान पोरालाही ठाऊक आहे इथल्या.
तरी मी वर बघितलं.
एक क्षण. खोटं कशाला बोलू, दोन-तीन.

"गेर्लिंडे," खालून एवढंच.
नेहमीपेक्षा हळू. दोर बोटभर सैल झाला आणि थांबला.
मी उतरायला वळले.
चढताना हात बघतात, उतरताना पायांना डोळे नसतात.
डावा पाऊल शोधत होता, शोधत होता,
आणि कंगोरा नखासारखा तुटला.

पडताना मी काही आठवलं नाही.
फक्त कापड फाटल्यासारखा आवाज, आणि मग
कमरेत हिसका, खडकाला खांदा, आणि
झोका.
तिसरी गाठ धरून होती.
अर्धी, वेडीवाकडी, तीच.

त्यानं मला हळूहळू खाली सोडलं.
हातमोजा घालत नाही मेला, तळवा सोलवटलेला.
"शंभरदा सांगितलं," मी म्हणाले.
"शंभरदा ऐकलं," तो म्हणाला.

कमरेची गाठ वजनानं इतकी आवळलेली
की ती माझ्या बोटांना सुटेना,
त्याची बोटं तर सांध्यांत सुजलेली, ती नुसतीच फिरली तिच्यावरून.
पाऊस सरळ लागला.
झाडाखाली मी उभी, तो गुडघ्यावर,
आणि शेवटी दातांनी सोडवली त्यानं.
खालचे दात अजून स्वतःचे आहेत, त्याचा त्याला अभिमान.

मग उकडलेले बटाटे, दही, जवसाचं तेल.
हात थरथरत होते, म्हणून डबा मांडीत धरला.
तिसरी गाठ वरच राहिलीय.
दगड वाळला की काढून आणायला हवी.