पर्थ ते हॅलिफॅक्स, कोल्हापूरवरनं

पृथ्वीचा गोळा महाद्वार रोडवरनं आणलेला,
पोरं चौथी-सहावीत असताना.
रशिया अजून फुटलेला नाही त्यावर,
आणि कोल्हापूर नाहीच;
पुण्याच्या खाली मी बॉलपेननं टेकवलेला ठिपका
चाळीस वर्षांत निळ्याचा जांभळा झालाय.

वाकळेचा दोरा घेतला.
एक टोक पर्थवर, तिथं पद्मजा.
दुसरं हॅलिफॅक्सवर, तिथं शीतल.
ताणला. दोन वीत भरला.
अठरा हजार सहाशे किलोमीटर, पाच-पंचवीस इकडंतिकडं.
याहून लांब जायचं म्हटलं दोघांनी
तर पृथ्वीवर जागाच थोडी उरलीय.

छत्तीस वर्षं मोजणी खात्यात काढली.
साखळी ओढली, शंकू रोवले,
भावाभावांच्या बांधावर उन्हात उभा राहिलो.
कागलला एकानं अर्ध्या हातासाठी
माझ्या अंगावर खुरपं उगारलं होतं.
त्यालाही म्हणालो, बाबा, साखळी खोटं बोलत नाही,
धरणारा बोलतो.

सरळ विमान नाही.
शाहूपुरीत तिकिटाच्या दुकानातला शिराळकरांचा पोरगा म्हणाला,
"काका, दोनदा बदलायचं. पस्तीस तास धरा.
बर्फ पडला तर देव जाणे.
जाणार कोण आहे?"
कोणीच नाही, म्हटलं. विचारून ठेवलं.

बर्फ पडलाच होता तेव्हा.
ती गुरुवारी पहाटे गेली.
पद्मजा सव्वीस तासांत दारात.
शीतल टोरांटोच्या बाकड्यावर,
पुढचं विमान कधी, ते फलकावर लागेना.
शनिवारी रात्री पोचतो म्हणाला, थांबा.
शुक्रवारी चारला पंचगंगेवर सगळं उरकलं.
तो आला तेव्हा राख सावडून झालेली.
अंगणात बॅग, बॅगेला विमानतळाची चिठ्ठी,
आणि तो बहिणीला म्हणाला,
एक दिवस नाही दिलास?
ती काही बोलली नाही.
सहा वर्षं झाली, अजून बोललेली नाही.

थांबायचं नाही, हे मी ठरवलं होतं.
ती दोनदा म्हणाली, अण्णा, थांबूया.
मला ते बर्फाचं खोकं बघवत नव्हतं,
त्यातनं पाणी गळत होतं फरशीवर, एवढंच कारण.
अंगणात मी चार हातांवर उभा होतो.
लोकांच्या हद्दीचे दगड बसवत जिल्हा फिरलो,
घरातला हा एक हलवला,
आणि पोरीच्या नावावर लावून दिला.

ताणला की दोरा उत्तर ध्रुवावरनं जातो,
जिथं कुणी राहत नाही,
जिथं गोळ्याचा खिळा आहे.
आज बोटानं खाली ओढला,
सैबेरिया सोडला, चीन सोडला,
ब्रह्मदेशावरनं घसरत ठिपक्यावर आणला.
किती लागावा जास्त?
अर्धं बोट.
साडेतीनशे किलोमीटर. तीनदा मोजलं.
इथनं मुंबईला जाण्याएवढंही नाही.

थंडीत पर्थला रात्रीचे नऊ वाजतात
तेव्हा हॅलिफॅक्सला सकाळचे नऊ.
दोघांच्या भिंतींवर काटे एकाच जागी.
इथं साडेसहा.
उजळाईवाडीकडनं विमान उठलं, पत्रा थरथरला.
एका हातात फोन,
दुसऱ्या हाताचा अंगठा ठिपक्यावर.
अंगठा काढला
तर दोरा परत खिळ्याकडं जाईल.