बोटभर माया

ऑपरेशन गड्ड्यानंतरच्या मंगळवारी.
सही अंबादासची, म्हणून त्याला माहीत आहे.
डॉक्टरांना माहीत आहे, आणि काउंटरवरच्या त्या पोरीला,
जिनं वजन मोठ्यानं वाचलं, एकशे अठरा,
जणू टोकन नंबर.

बाकी कुणाला सांगायचं, म्हणून
लाइटबिलाच्या पाठीवर नावं लिहायला घेतली.
पहिलं ताईचं. लगेच खोडलं.
ताईला सांगणं म्हणजे
कन्ना चौकात स्पीकर लावणं.

शाळेत रजेच्या अर्जावर लिहिलंय, पोटाचं लहान ऑपरेशन.
खोटं नाही. पोटाचंच आहे
आणि लहानच करणार आहेत.
हेडबाईंनी विचारलं, गाठ आहे का गं?
इतक्या हळव्या आवाजात
की वाटलं, हो म्हणावं.
गाठीला लोक डबा घेऊन येतात.
चरबीला सल्ला घेऊन.

सल्ले तर मी किती जेवलेय.
कोमट पाण्यात लिंबू. रात्री नुसतं ताक.
तलावाकाठी रोज तासभर, झपझप.
पंगतीत वाढणारा थांबून बघतो,
वाटीकडे नाही, माझ्याकडे.
रिक्षावाला म्हणतो, मावशी, जरा मधे बसा.

या देहाची बातमी
मी लहानपणापासून गल्लीला फुकट वाटत आले.
चार-पाच दिवसांनी पाणी सुटतं
तेव्हा घागरी भरता भरता
प्रत्येकीला ठाऊक असतं, मी सकाळी काय खाल्लं.
आणि आता पहिल्यांदाच
एक गोष्ट आहे जिला माझं कुलूप आहे.
महिनाभर किल्ली कमरेला लावून हिंडतेय
आणि खरं सांगू, मजा येतेय.

फक्त शहनाज समोर डबा उघडते तेव्हा
जीव गोळा होतो.
अकरा वर्षं आमची भाकरी एक, शेंगाचटणी एक.
उद्या मी तिच्या डब्यातले दोन घास घेईन नि थांबेन.
ती काय समजेल?
की मी रुसले. की तिखट चुकलं.
तिचं नाव लिहिलंय. खोडलं नाहीय.
सांगितलंही नाहीय.

आईला सांगितलं असतं.
तीसेक वर्षं विड्या वळल्या तिनं.
हजारात चार कमी भरल्या तरी पैसे कापले जायचे,
म्हणून कमी या शब्दाचीच तिला धास्ती.
मी ताट पुसून खाल्लं की तेलुगूत म्हणायची,
आज माझं पोट भरलं.
काल तिच्या फोटोसमोर उभी राहिले.
फोटोला सांगणं फार सोपं होतं,
म्हणून नाही सांगितलं.

तिथून गेले मल्लेशम टेलरकडे,
ताईच्या लेकीच्या लग्नाचं ब्लाउज टाकायला.
त्याच्या वहीत माझी वीस वर्षांची मापं आहेत,
कुठल्याच दवाखान्यात नसलेली फाइल.
पानोपानी आकडा चढत गेलेला
आणि त्याची भुवई कधी हलली नाही.
दर खेपेला टेप तेवढी जरा सैल धरली त्यानं.
टेप गळ्यात टाकत म्हणाला,
आत माया किती सोडू? नेहमीसारखी दोन बोटं?

मी म्हटलं, नको.
आता उसवावं लागणार नाही. आवळावं लागेल.
आणि मग सांगूनच टाकलं,
तारीख, दुर्बीण, केळ्याएवढं उरणारं पोट.
मागे त्याचा पोरगा शाळेचे गणवेश शिवत होता.
मशीन थांबलं नाही.

मल्लेशमनं कानामागची पेन्सिल काढली.
दुखेल का विचारलं नाही. कशाला, तेही नाही.
विचारलं, लग्न कधीचं?
वैशाखातलं.
मग आत्ता कापत नाही. कापड राहू दे इथंच.
पाडवा झाला की ये, तेव्हाचं माप घेऊ.
माझ्या नावापुढं रकाना आखला, मोकळा ठेवला.
तरी बोटभर सोडीन, म्हणाला. माया असावी.

घरी आले तर नळ वाहत होता, आणि फोन वाजत. ताई.
उचलला, पायानं बादली सरकवली
आणि पाणी किती वाजता आलं
ते तिला सविस्तर सांगितलं.